हात कुठं पुसायचे

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी, नैवेद्य झाल्यावर आणि विसर्जनाची गडबड सुरू व्हायच्या आत, तळमजल्यावरचे आप्पा वर आले. दर वर्षी याच वेळेला येतात. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तीन मजले चढायला त्यांना बराच वेळ लागतो. प्रत्येक वळणावर कठड्याला हात लावून थांबतात, वर पोचल्यावर दारात उभं राहून आधी श्वास सारखा करतात आणि मगच चपला काढतात. दर्शन झालं, मी हातावर मोदक ठेवला, आणि निघता निघता त्यांना आतल्या खोलीतलं टेबल दिसलं. मोदक तसाच धरून ते आत गेले. खिडकीखाली माझी शेड मांडलेली होती. तीन वर्षं, रात्रीची जेवणं उरकल्यावर बसून केलेली, डिझेल इंजिनांच्या देखभालीच्या शेडची छोटी प्रतिकृती. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, कमरेत वाकले आणि चांगली पंधरा मिनिटं जागचे हलले नाहीत. मी दारातच उभी. त्यांनी कल्याणच्या डिझेल शेडमध्ये चौतीस वर्षं काढलीत, फिटर म्हणून लागले आणि मिस्त्री होऊन निवृत्त झाले. म्हणूनच त्यांना मी एवढे दिवस बोलावलं नव्हतं. पुरी झाल्याशिवाय त्यांच्या नजरेला पडू द्यायची नव्हती. शेवटी ते सरळ झाले. "मापं बरोबर आहेत," म्हणाले. मग जरा थांबून, "पण पोरी, ही माणसं हात कुठं पुसतात?"

एवढं बोलून मोदक तोंडात टाकला आणि कठडा धरत धरत खाली गेले.

संध्याकाळी खाडीवर विसर्जनाला गेलो. ढोल वाजत होते, कुणाचं लहान मूल पाण्याकडे बघून रडत होतं, कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली पोरं एकेक मूर्ती हातात घेऊन आत जात होती. आणि माझ्या डोक्यात तो एकच प्रश्न. "ही क्रेन चुकली," किंवा "एवढी उंची नसते," असं ते म्हणाले असते तर मी वहीत टिपून घेतलं असतं, दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं असतं आणि विसरले असते. पण त्यांनी चूक काढलीच नव्हती. माझ्या माणसांची चौकशी केली होती. माझ्या शेडमध्ये सतरा माणसं आहेत, एकेकाला मी आठवडा आठवडा दिलाय, कुणाच्या हातात पाना आहे, कुणाच्या हातात तेलाचा डबा. आणि त्यांच्या हातांचं पुढं काय होतं, हे मला माहीत नव्हतं.

शेड एकास सत्त्याऐंशी या प्रमाणातली आहे. चार फूट बाय दोन फूट प्लायवर खऱ्या जगातली साधारण १०६ मीटर लांब आणि ५३ मीटर रुंद जागा मावते. आत तीन रूळ, तिन्हींखाली पिट. डिझेल शेडमधली मला सगळ्यात आधी आवडलेली गोष्ट म्हणजे तिच्या तीन पातळ्या: इंजिनाच्या पोटाखाली उतरायचा खड्डा, त्याच्या बाजूची चाकांच्या उंचीची जमीन, आणि वर इंजिनाच्या पायवाटेला भिडणारा फलाट. एकाच इंजिनाभोवती तीन ठिकाणी एकाच वेळी माणसं लागलेली असतात. खालचा मोटरी आणि ब्रेकचे ठोकळे बघतो, मधला चाकं आणि ती धरणारी चौकट, म्हणजे बोगी, वरचा बाजूची दारं उघडून सिलिंडर हेडवर वाकलेला. एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. हाका ऐकू येतात आणि लोखंडावर लोखंड लागल्याचे आवाज. माझ्याकडं तिन्ही रुळांवर डब्ल्यूडीएम-टू जातीची डिझेल इंजिनं उभी आहेत. ही १९६२ मध्ये अमेरिकेतल्या आल्को कंपनीकडून पहिल्यांदा आली आणि १९६४ पासून वाराणसीत बनायला लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. खरं इंजिन १७.१२ मीटर लांब, माझ्या टेबलावर १९.७ सेंटिमीटर. एक ट्रिप तपासणीला आलेलं, अर्ध्या दिवसात परत जाणारं. एकाची बाजूची सगळी दारं उघडी. तिसऱ्याचं धड वर उचललेलं आणि खालून बोगी बाहेर ओढलेली.

रुळांवरून माझं पहिलं भांडण झालं ते स्वतःशीच. या प्रमाणात बाजारात तयार मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या युरोप-अमेरिकेतल्या गेजवरून बेतलेत. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीनं भागलं की १९.३. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. गाडी पळवायची असेल तर बहुतेक जण हा फरक पोटात घालतात, कारण चाकं, मोटर, सांधे सगळं त्या १६.५ वर तयार मिळतं. मला जमेना. इंजिन तेवढं अरुंद उभं राहिलं की ते आपलं वाटतच नाही, कुणाचे तरी बूट घालून आल्यासारखं दिसतं. माझ्या शेडमधलं एकही इंजिन चालत नाही, चालायचंही नाही, त्यामुळं रूळ मी स्वतः अंथरले, १९.३ च्या मापाचा एक पितळी तुकडा सरकवत सरकवत. १६७६ मिलिमीटर म्हणजे बरोबर साडेपाच फूट. आप्पांची उंचीही तेवढीच आहे, हे मला त्या दिवशी ते टेबलाशी वाकलेले असताना सुचलं. माझ्या शेडमध्ये आप्पा दोन सेंटिमीटरलाही किंचित कमी भरतील, रुळाच्या रुंदीएवढेच.

मी सत्तावीस वर्षं ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत ड्रॉइंग काढली. आधी बोर्डवर, टी-स्क्वेअर आणि रोटरिंग पेननं, मग कॉम्प्युटरवर. जिग, फिक्श्चर, गिअरबॉक्सची झाकणं. आमच्या खोलीला काच होती आणि काचेपलीकडं शॉप फ्लोअर. अधूनमधून एखादा टर्नर काळ्या बोटांत प्रिंटचा कोपरा चिमटीनं धरून यायचा, "ताई, हे माप जरा सांगा," आणि मी मापावर बोट ठेवायची, त्याच्या बोटापासून चार इंच लांब. प्रिंट परत गेली की टेबलावर एक धूसर डाग राहायचा. तो मी पुसून टाकायची. दिवसातून किती वेळा पुसला असेन, त्याची गणती नाही. ड्रॉइंगवर डाग चालत नाही. शाई पसरली तर अख्खी शीट पुन्हा. माझ्या हाताला लागलेली ही सवय टेबलावरच्या शेडमध्येही उतरली होती: भिंती स्वच्छ, खांब स्वच्छ, फरशी एकसारखी करडी. तीन वर्षं मी शेडचं ड्रॉइंग उभं करत होते. शेड नव्हे.

छपराचं मात्र मला अजूनही कौतुक आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. खऱ्या पन्हाळी पत्र्याची एक लाट साधारण ७५ मिलिमीटरची. प्रमाणात ती जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या वर येते. एवढी बारीक लाट काढायची कशावर? कंगवा बघितला, वहीची स्पायरल बघितली. मग एकदा हार्डवेअरच्या दुकानात पडदा लावायचे हुक घ्यायला गेले असताना काउंटरवर पाच मिलिमीटर जाडीचा आट्यांचा रॉड दिसला. पाचच्या बोल्टला आटा ०.८ मिलिमीटरचा असतो. हे मी आयुष्यभर ड्रॉइंगवर लिहीत आले होते. घरी आणला, पोळ्या गुंडाळायची फॉइल दुहेरी करून जाड रबरावर ठेवली आणि रॉड दाबून लाटण्यासारखा फिरवला. उचलला तर खाली पत्रा. पहाटेपर्यंत मी पत्रे लाटत होते. त्याच छपरानं पहिल्या पावसाळ्यात मला रडवलंही. खालचा पुठ्ठा मी फक्त वरच्या अंगानं रंगवला होता. जुलैच्या दमट हवेत तो असा वाकला, की शेडच्या दोन्ही टोकांना छप्पर उचललं गेलं. आमच्याकडं खाडीची हवा, पावसाळ्यात भिंतीतलं कपाटसुद्धा सरकत नाही. सगळं उचकटलं. दोन्ही अंगांनी रंग, मधून बांबूच्या चिपा, आणि पुन्हा पत्रे. बाहेरच्या खडीचंही तसंच. रुळाखालची खरी खडी पाच-सहा सेंटिमीटरची, म्हणजे माझ्यासाठी रव्याएवढी. खाडीकाठची वाळू रव्याच्या चाळणीनं चाळून घेतली, फेविकॉल पातळ करून त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला आणि ड्रॉपरनं सोडलं. साबण नसला तर गोंद वाळूवर मोत्यासारखा बसून राहतो, आत जिरत नाही.

ही सगळी हुशारी आप्पांच्या एका प्रश्नापुढं गप्प झाली.

ठाण्यात रेल्वेचा विषय निघाला की सगळे १८५३ वर येतात. मीही येते. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली चौदा डब्यांची गाडी, चारशे पाहुणे, आणि ओढणारी तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. आमच्या शाळेत ही नावं पाढ्यांसारखी पाठ होती. त्या रात्री झोप लागेना तेव्हा माझ्या मनात आलं, १७ एप्रिलला सकाळी काय झालं असेल? राख कुणी काढली, दांड्यांना तेल कुणी घातलं, पितळ कुणी घासलं? वाफेच्या इंजिनाला रोजचं न्हाऊमाखू लागतं. ते कुणीतरी केलंच असणार, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. इंजिनांची नावं आपल्याला तोंडपाठ, आणि त्या सकाळच्या हातांचं एकही नाव नाही. ठाण्यात राहून, कळव्याच्या कारशेडकडं जाणाऱ्या रिकाम्या लोकल जन्मभर बघून, मला हे आजवर एकदाही सुचलं नव्हतं.

माहेरचा गणपती राजापूरकडचा. लहानपणी तिकडं जाणं एसटीनं व्हायचं; कोकण रेल्वे सुरू झाली आणि पुढं आम्ही ठाणे स्टेशनवर रात्री उभे राहायला लागलो, पिशव्या, मखराचं सामान, नारळ. फलाटावर डिझेल इंजिन आत यायचं तेव्हा आधी पायाखाली कळायचं. मग तो आवाज, कुणी मोठं जनावर धापा टाकत यावं तसा, आणि अंगावरून जाताना तोंडावर येणारी गरम, जळकट झुळूक. इंजिनाच्या अंगावर देवनागरीत 'कल्याण' लिहिलेलं मी कितीदा वाचलंय. त्या वेळी वाटायचं, हे गावाचं नाव आहे. ते इंजिनाच्या घराचं नाव असतं, हे पुढं कळलं. प्रत्येक इंजिनाला एक शेड असते, ते देशभर कुठंही हिंडलं तरी ठरलेल्या देखभालीला तिथंच परत येतं. शेडमधली माणसं 'आपलं इंजिन' म्हणतात. कोकण रेल्वेवर २०२२ मध्ये विजेच्या तारा पुऱ्या झाल्या. आता फलाट तसा थरथरत नाही. देशभरातल्या कितीतरी डिझेल शेडमध्ये आता विजेची इंजिनं देखभालीला येतात. हवा स्वच्छ झाली, डिझेल वाचलं, बोगद्यात धूर नाही. हे सगळं चांगलंच आहे आणि मला ते परत मागं न्यायचं नाही. तरी गेल्या वर्षी फलाटावर उभी असताना माझे पाय त्या थरथरीची वाट बघत होते.

आणि मग, विसर्जनानंतर तिसऱ्या रात्री, मला मावशीची बादली आठवली. कल्याणला मावशीकडं मी उन्हाळ्याच्या सुट्टीत जायची. काका रेल्वेत होते, एवढंच मला माहीत. त्यांचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजत. हिरवी पत्र्याची बादली, तिला दुसऱ्या कुणाचा कपडा लावायचा नाही. मोरीत नळाखाली एक डालड्याचा डबा असायचा, त्यात लाकडाचा भुसा. काका पाळीवरून आले की कुणाशी न बोलता आधी मोरीत जायचे, दोन चिमटी भुसा आणि कपडे धुवायची वडी घेऊन हात चोळायचे. आधी तळहात, मग बोटांची मधली जागा, मग दुसऱ्या हाताच्या नखानं एकेका नखाखालून. काळं पाणी वळवळत जायचं. मी दारात उभी राहून बघायची, कारण ते झाल्यावरच ते माझ्या केसांवरून हात फिरवत. त्या आधी कधीच नाही. एकदा मी धावत जाऊन पायांना मिठी मारली तर दोन्ही हात वर उचलून उभे राहिले, अंगाला लागू नयेत म्हणून. मावशी हसत होती. ते हात वर केलेले काका मला त्या रात्री पन्नासाव्या वर्षी अंधारात लख्ख दिसले, आणि कुठून तरी डिझेल आणि ओल्या भुशाचा वासही आला. हे सगळं माझ्याजवळ होतं. तरीही माझ्या शेडमध्ये एक नळसुद्धा नव्हता.

सकाळी खाली गेले. आप्पा गॅलरीत पेपर वाचत होते. मी म्हटलं, "आप्पा, सांगा. हात कुठं पुसायचे?"

त्यांनी पेपर घडी करून मांडीखाली ठेवला. पहिल्यांदा, म्हणाले, वेस्ट. कापसाच्या गिरणीतला उरलेला गुंता, रंगीबेरंगी, मूठभर घ्यायचा आणि उजव्या बाजूला मागच्या खिशात कोंबायचा. चौतीस वर्षं तो खिसा कधी रिकामा नव्हता. वेस्ट भिजून चिंब झाला की मांडीवर पुसायचं, म्हणून प्रत्येकाची पँट त्याच दोन जागी काळी. पण पुसायची घाई कधीच नसते, उलट तेल हातावर ठेवून बघावं लागतं. त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट माझ्यासमोर धरून हळूहळू घासलं. लूब ऑइल असं बघायचं. पातळ लागलं, नाकाला डिझेलचा वास आला, तर इंधन आत गळतंय. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. कचकच लागली तर थांबायचं आणि साहेबांना बोलवायचं. लॅबचा कागद यायचाच, तेलात कुठला धातू किती हे त्यावर लिहिलेलं असायचं. तांबं वाढलं की बुश-बेअरिंग, लोखंड वाढलं की लायनर, सिलिकॉन म्हणजे धूळ, एअर फिल्टर बघा. "रक्त तपासतात ना, तसं," आप्पा म्हणाले. "पण कागद येईपर्यंत हाताला कळलेलं असायचं." मग हातोडीबद्दल बोलले. घट्ट बोल्ट 'टण्' म्हणतो, सैल झालेला 'ठक्'. पिटमध्ये चालत चालत ठोकत जायचं आणि ठक् आला की तिथं खडूनं फुली. मग चाकाबद्दल. नवं चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचं, झिजतं, लेथवर तासलं जातं, पुन्हा झिजतं, आणि १०१६ वर आलं की बाद. त्यांनी हातानं हवेत चाक दाखवलं. माझ्या टेबलावर त्या नव्या आणि बाद चाकात एका मिलिमीटरचाही फरक उरत नाही. त्यांच्या दोन हातांत मात्र तो दिसत होता.

घरी येऊन कामाला लागले. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून ओव्हरलॉकचे तुटलेले दोरे आणले, कात्रीनं इतके बारीक चिरले की भुकटी व्हावी, आणि त्याचे तांदळाच्या कणीएवढे गुंते चिमट्यानं जागोजागी ठेवले: फलाटाच्या कडेला, पान्यांच्या पेटीवर, एकाच्या खिशात. नळ केला, तांब्याच्या तारेचा. खाली मोरी. मोरीच्या कट्ट्यावर डबा, सुईच्या टोकानं लावलेला पिवळा रंग, त्यात चिमूटभर खरा भुसा, सुताराकडचा, सँडपेपरवर घासलेला. मग डाग. काळा आणि गडद तपकिरी पाण्यात मिसळून मी खांबांवर, भिंतींवर, दारांवर, शिड्यांवर लावत सुटले. तीन वर्षांची स्वच्छता दोन रात्रींत काढून टाकायची होती. दिवसा उजेडात बघितलं तर शेड जळाल्यासारखी दिसत होती. सगळीकडं सारखाच मळ. आप्पांना वर यायचे कष्ट नकोत म्हणून फोनवर फोटो काढून खाली नेला. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला, एका खांबाच्या शेंड्याशी थांबले. "इथं कोण हात लावायला गेलं?" मी गप्प. "आणि फरशी अशी नसते. रोज झाडतात, भुसा टाकून तेल उचलतात. पाय घसरला तर माणूस पिटमध्ये जातो." मग पिटच्या पायऱ्यांवर बोट ठेवलं. दोन्ही बाजूचे कठडे मी काळे केले होते. "वर येताना उजव्या हातात पाना असतो. धरतो कशानं?"

डाव्या हातानं.

मी सगळं धुऊन काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ब्रश हातात घ्यायच्या आधी एकेका माणसाला मनात चालवलं. हा पिटमधून वर येतोय, डावा कठडा धरतो. म्हणून डावा कठडा काळा, उजवा जवळजवळ तसाच, फक्त सर्वात वरच्या टोकाला थोडा, कारण तिथं उतरणारा माणूस वळताना हात टेकतो. हा दिव्याचं बटण दाबतो, कोपरानं नाही, मधल्या बोटाच्या मागच्या बाजूनं, म्हणून बटणाभोवती छोटं वर्तुळ. हा क्रेनखाली उभा राहून वर बघतो आणि बघताना खांबाला पाठ लावतो, म्हणून त्या खांबावर मळ हाताच्या उंचीला नाही, खांद्याच्या उंचीला: १५ मिलिमीटरवर. हात टेकायची जागा ११ ते १२. माणसाचा पंजा प्रमाणात दोन मिलिमीटरचा, तेव्हा दात कोरायच्या काडीचं टोक घासून तेवढंच बोथट केलं आणि एका जागी एकदाच टेकवलं, खरे हात टेकतात तसं. जुना डाग मंद असतो, कोरडा, भिंतीत मुरलेला. आजचा डाग चकाकतो. म्हणून सगळे डाग मंद ठेवले आणि तीनच जागी वर वार्निशचा ठिपका दिला. एक उघड्या दारांच्या इंजिनाखाली, एक तेलाच्या डब्याच्या तोटीशी, आणि एक मोरीजवळच्या खांबावर. तो खांब माझ्या मनात काकांचा आहे. नळाला रांग असते तेव्हा ते तिथं थांबतात.

हे करताना एक गोष्ट अधूनमधून बोचायची, ती अजून गेलेली नाही. ज्या डागांसाठी मावशीनं तीस वर्षं वेगळी बादली ठेवली, जे काका नखानखातून काढत बसायचे, ते मी एसीत बसून, भिंग लावून, हौसेनं काढत होते. वागळे इस्टेटमधला तो टर्नरच्या बोटांचा डाग मी दर वेळी पुसला, आणि आता तसाच डाग जमावा म्हणून दात कोरायची काडी घासत होते. तो माणूस कुठं असेल, माहीत नाही. कंपनी बंद झाली, त्या जागी आता काचेची इमारत आहे. त्याच्याकडं तेव्हा एकदा तरी नीट बघायला हवं होतं. कधी वाटतं, हे करायचा मला अधिकार आहे का? मग कठड्याची डावी बाजू डोळ्यांपुढं येते आणि वाटतं, एवढी एक गोष्ट तरी मला आता माहीत आहे, आणि ती मी सांगितली नाही तर माझ्या ओळखीत दुसरं कुणी सांगणार नाही. दोन्ही वाटणं खरी आहेत. मी दोन्ही ठेवून काम करत राहिले.

दिवाळीत फराळाचं ताट घेऊन खाली गेले तेव्हा आप्पा म्हणाले, मीच वर येतो. सुनेनं नको म्हटलं, तरी आले. पांढरा स्वच्छ सदरा-पायजमा, केस नीट विंचरलेले. दारात श्वास सारखा केला, चपला काढल्या आणि सरळ आतल्या खोलीत. मी खिडकी उघडून उजेड केला. चष्मा कपाळावर. कमरेत वाकले. पिटच्या पायऱ्यांशी थांबले, डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. नळ बघितला. डबा बघितला. मी काही बोलले नाही, तेही नाहीत. बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, ती पुरी वाजून संपली. मग त्यांनी हात पुढं केला आणि उघड्या इंजिनाखालच्या त्या चकाकणाऱ्या ठिपक्यावर पहिलं बोट टेकवलं. हळूच, गरम तव्याला टेकवावं तसं. ते बोट अंगठ्यावर घासलं. एकदा, दोनदा. नाकाजवळ नेलं. वार्निश वाळून आठवडा झाला होता. बोटाला काही लागलेलं नव्हतं. ते तसेच वाकलेले, नजर इंजिनावर, आणि उजवा हात सवयीनं मागच्या खिशाकडं गेला. पायजम्याला मागं खिसा नव्हता. हात तिथं दोनदा चाचपडला.